ऑप्शनला टाकलेला इतिहास

"मॅडम, राग मानू नका, पण तुमचा भाग आम्ही ऑप्शनला टाकलाय."

माझ्या नोकरीत हे वाक्य मी दरवर्षी ऐकलं. कधी वर्गात, कधी जिन्यात, एकदा तर मंडईत गवारी निवडताना. सांगणारा दर साली वेगळा, सूर तोच. पंगतीत बसलेल्या पावण्याला वाढपी म्हणतोय, "तुमचं झालं असं धरून पत्रावळ उचलली हं." आणि वर राग मानू नका! मी मानायची. आजही मानते. निवृत्त झाले म्हणून राग निवृत्त होत नाही.

मी कोल्हापुरात बी.एड. कॉलेजात शिकवत होते. ज्यांना ही दुनिया ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पदवी झाली की शिक्षक व्हायला हा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा लागायचा. त्यात दोन गोष्टी माझ्याकडे होत्या. एक, शाळेत इतिहास कसा शिकवायचा ते. दुसरी, शिक्षणाचा इतिहास. म्हणजे आपल्याकडे शाळा कुणासाठी होत्या, कुणासाठी नव्हत्या, बंद दारं कुणी उघडली आणि उघडलेली दारं पुन्हा लोटायला कोण कोण धावलं, हे सगळं. पेपरात 'खालीलपैकी कोणतेही' अशी मुभा असायची. त्या मुभेचा हिशेब करून एक आख्खा भाग न वाचता सोडून द्यायचा, याला पोरं ऑप्शनला टाकणं म्हणत. कॉलेजसमोरच्या चहाच्या गाड्यावर बैठक बसायची आणि ठराव व्हायचा. मानसशास्त्र कधी पडलं नाही. शाळा व्यवस्थापन कधी पडलं नाही. पडायचा तो इतिहास.

कारणं विचारली की ठरलेली उत्तरं यायची. मुलाखतीत विचारत नाहीत. सनावळ्या पाठ होत नाहीत. झालं गेलं उकरून वर्गात काय उपयोग? चौथं कारण तोंडावर कुणी सांगायचं नाही, पण ते मला माहीत होतं. मी बौद्ध घरातली. माझे वडील आजऱ्याकडच्या एका गावात शाळेच्या पायरीवर बसून बाराखडी शिकले. मास्तर आतून मोठ्यानं सांगायचे, वडील बाहेर पाटीवर लिहायचे, आणि पाटी लांबूनच दाखवायची. हे मी दर वर्षी वर्गात सांगायची, कारण पुस्तकातल्या चार ओळींपेक्षा ते लवकर कळतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुजबूज व्हायची, "स्वतःचंच सांगायलाय." कान माझे तेव्हाही तिखट होते. मी खडू खाली ठेवून विचारायची, "कोण बोललं रे? उभा राहा की!" कोण उभं राहतंय! सगळे एकदम वह्यांत माना घालायचे.

आमच्या धंद्यातली मोठी गोष्ट म्हणजे पाठ. शिकाऊ शिक्षकानं जवळच्या खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांना तास घ्यायचा, आणि मागच्या बाकावर आमच्यातलं कुणीतरी फाईल घेऊन बसायचं, चुका टिपायला. पाठाआधी टाचण लिहायचं. त्यात आपण काय विचारणार हे तर असतंच, पोरं काय उत्तर देणार हेही आधीच लिहिलेलं असतं. आता पोरांनी तेच उत्तर दिलं नाही तर? म्हणून सगळी धडपड पोरांकडून ते उत्तर काढून घ्यायची. या शाळेतली पोरं दर साली इतके पाठ सोसायची, की ती आमच्यापेक्षा तयार झालेली. एकदा एक शिकाऊ बाई प्रस्तावनेत घोळून घोळून विचारत होत्या, झाडाला पाणी कुठून मिळतं, जमिनीखाली काय असतं... पहिल्या बाकावरचं कार्टं उठलं आणि म्हणालं, "बाई, आज आपण मुळांची कार्ये अभ्यासणार हाय. लिवा की फळ्यावर, टाईम जायलाय." मी फाईल तोंडासमोर धरून हसले होते.

आणि ही टाचणं लिहायची म्हणजे तरी काय? मागच्या बॅचची वही पुढच्या बॅचला मिळायची, वारसाहक्कानं. उतरवून काढायची. उतरवायची सवय अशी हाडीमाशी मुरलेली, की वर्षाच्या शेवटी स्वतःच्या डोक्यातून एक वाक्य लिहायला सांगितलं तर पोरं शेजाऱ्याकडं बघायची.

मग एका साली मीही एक डाव टाकला. अंतर्गत गुणांसाठी एक काम दिलं, कारण ते ऑप्शनला टाकता येत नाही. 'तुमच्या घरात शाळेत पहिल्यांदा कोण गेलं? त्याच्या आधी कुणी का गेलं नाही? घरी विचारून दोन पानं लिहा.' मी मनात खूश. म्हटलं, आता कसे सुटता बघते. यातल्या निम्म्यांच्या घरात शिक्षण जेमतेम दोन पिढ्यांचं. शेतकऱ्यांची पोरं, धनगरांची, कोष्ट्यांची, आमच्यातली. चौकशी केली तर प्रत्येकाला आपल्या घराच्या उंबऱ्यातच माझा विषय सापडला असता.

पानं आली. वाचायला बसले आणि तिसऱ्या पानाला डोक्यात तिडीक गेली. अर्ध्या वर्गाचा आजोबा एकच! पेठ वडगावचा, अनवाणी, शिकायची लई हौस, पण बापाची ऐपत नाही. मग महाराजांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात त्याला कोल्हापुरात जागा मिळते आणि पुढं तो मास्तर होतो. हाच आजोबा गडहिंग्लजला, हाच कागलला, हाच शिरोळला. एका मुलीनं आजोबाची आजी केली होती, पण 'मिशीला पीळ देत' तेवढं काढायचं राहून गेलं होतं. आणि आमच्याच समाजाच्या एका पोरानं मूळ पानातलं वाक्य तसंच उतरवलं होतं, 'आम्ही मूळचे गावचे पाटील.' त्याला बोलावून घेतलं. "अरे, तुझा स्वतःचा आजोबा कुठं गेला?" तर खाली बघत म्हणतो, "मॅडम, सबमिशनची शेवटची तारीख होती." मला त्याला हसावं की थोबाडावं कळेना. त्याचा आजोबा ज्या पायरीवर बसला असेल तिथून त्याला उठवून यानं तारखेसाठी पाटील करून टाकलं होतं.

मूळ आजोबा ज्याचा, तो सुहास. पेठ वडगावचा शेतकऱ्याचा पोरगा, वर्गात पहिला. उंच, आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. त्याची पानं खरीखुरी होती, घरी विचारून लिहिलेली, आणि छान लिहिलेली. ऑप्शनचा ठराव मांडणाराही तोच असायचा. पण पोरगा मला आवडायचा, खोटं कशाला सांगू! चांगला शिक्षक होईल असं मला वाटायचं.

वर्षाच्या शेवटी परीक्षेचा पाठ असतो. बाहेरगावचे एक परीक्षक येतात, कॉलेजातला एक असतो. त्या साली सुहासच्या पाठाला मी होते. सातवीचा वर्ग, विषय गडकिल्ले. बाहेरचे परीक्षक आणि मी शाळेच्या जिन्यानं वर आलो, तर वर्गाबाहेर व्हरांड्यात आठनऊ पोरं भिंतीला टेकून बसलेली. दप्तरं मांडीवर. अगदी शांत. सातवीची पोरं इतकी शांत बसत नसतात.

"काय रे, शिक्षा झालीय होय?" मी विचारलं.

"न्हाय बाई," एक पोरगी म्हणाली. तिचं नाव माया, ते मला नंतर कळलं. "आमी पाठात न्हाय."

"पाठात न्हाय म्हणजे?"

"आमास्नी उत्तरं येत न्हाईत. म्हणून पाठाला आमी भाईर बसतो."

परीक्षकांना पुढच्या शाळेत जायचं होतं, ते घड्याळ दाखवत आत शिरले. मीही गेले, कारण परीक्षा थांबवायचा अधिकार मला नव्हता. पाठ काय सांगू, देखणा झाला. थर्माकोलचा पन्हाळा केला होता सुहासनं, तटबंदी, तीन दरवाजा, सगळं. जे विचारेल त्याला वीस हात वर. परीक्षक माना डोलावत होते. मी बाकावर बसून दाराकडं बघत होते. ती पोरं रेल्वे रुळापलीकडच्या वस्तीतली होती, हे मला नावं न विचारता समजलं होतं. बौद्धांची, मातंगांची, वडारांची. आणि ही पोरं एका पाठापुरती बाहेर नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, ही सुहासची युक्ती. त्याच्या सरावाच्या पाठाला चांगली चालली, म्हणून बॅचमधल्या बाकीच्यांनीही उचलली. टाचण उतरवावं तशी. त्यामुळं गेले कित्येक आठवडे रोज दोन-तीन तास ती पोरं व्हरांड्यात होती. शाळेतले शिक्षकही म्हणायचे, चालू द्या, त्यांची परीक्षा आहे.

तळपायाची आग मस्तकात म्हणतात ना, तसं झालं मला. पाठ संपल्यावर सुहासला बाजूला घेतलं.

"बाहेर कुणाला बसवलंस, बघितलंस का?"

"मॅडम, जातीचा काय संबंध न्हाय हं त्यात," तो लगेच म्हणाला. मी जातीचा शब्दही काढला नव्हता. "ती उत्तरं देत न्हाईत. पाठ बिघडतो. मी त्यांना काय बोललो न्हाय, मारलं न्हाय. उलट बिस्किटं दिली."

"बिस्किटं दिलीस?"

"व्हय मॅडम. रोज."

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर माझी आग होती. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं. शाळेच्या आत कोण बसणार आणि बाहेर कोण, यावर या गावात महाराजांना हुकूम काढावा लागला होता. केवढा गदारोळ झाला होता! तो सगळा भाग या शहाण्यानं ऑप्शनला टाकला, आणि तीच जुनी घाण स्वतःच्या डोक्यातली नवी युक्ती म्हणून शाळेत परत आणली. पूर्वीचे लोक निदान काय करतोय ते जाणून करायचे.

मी गुणपत्रकावर सही केली नाही.

दुसऱ्याच दिवशी मायाची आई कॉलेजात आली. शाहूपुरीतल्या एका खानावळीत ती भांडी घासायची. मी समाजातली, म्हणून कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. दाराशी उभी राहून जयभीम घातला, बसायला तयार होईना.

"बाई, पोरगी शाळंत जात न्हाय म्हणतीया. भाईरच बसायचं तर खानावळीच्या भाईर बसतो म्हणती, निदान भांडी तरी होतील. मी लई सांगून बघितलं. आता मालक म्हणायलाय, आण की तिला हाताखाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणू? तुमी सांगा. शाळंत तिला आत घेणार असतील तर पाठवतो. न्हाईतर कशापायी तिचं हाल करू?"

सरळ हिशेब होता बाईचा. पोरीला आत घेतलं तर शाळा, नाही तर खानावळ. मी म्हटलं, "सोमवारपर्यंत थांबा. मालकाला काही बोलू नका."

आणि प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य भले गृहस्थ. त्यांनी मला चहा मागवला, म्हणजे माझं ऐकायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. "मॅडम, मुलगा गुणवत्ता यादीत येईल असा आहे. बाहेरच्या परीक्षकांनी भरभरून गुण दिलेत. तुम्ही सही अडवली तर निकाल अडेल. आणि खरं सांगू का, तुम्ही हे थोडं वैयक्तिक घेताय."

रागात आले की माझी कॉलेजातली भाषा पळून जाते आणि गावची येते. "व्हय सर, घेतो मी वैयक्तिक! माझा बाप पायरीवर बसला ते वैयक्तिकच हाय. तुमचा बाप कुठं बसला होता? आत ना? मग तुमास्नी वैयक्तिक कसं वाटंल!"

चहा तसाच राहिला. अर्ध्या स्टाफरूमनं माझ्याशी बोलणं टाकलं. एका सहकारी बाईंनी फक्त जाता जाता हात दाबला, तोही कुणी बघत नाही असं बघून. मी म्हटलं, राहू दे. पण मागं हटले नाही. माझं म्हणणं एवढंच होतं: सुहासनं तोच पाठ पुन्हा घ्यायचा, त्याच वर्गात, सगळ्या पोरांना आत बसवून. मग सही.

तो चिडून आला माझ्याकडं. बरोबर दोन मित्र, तेही दाराशी छाती काढून उभे.

"मॅडम, माझं वर्ष घालवायलाय तुमी. एवढ्या एका गोष्टीपायी."

"तुझ्या आजोबांना बोर्डिंगात जागा मिळाली असं तूच लिहिलंस ना? कुणीतरी त्यांना आत घेतलं म्हणून आज तू इथं उभा आहेस. ती जागा मिळाली नसती तर?"

"ते... ते मार्कांसाठी लिहिलं होतं मॅडम."

मी पुष्कळ उर्मट उत्तरं ऐकली आहेत. पण या उत्तरानं जेवढी दुखावले, तेवढी कशानंच नाही. स्वतःच्या आजोबाचे अनवाणी पाय त्यानं गुणांसाठी लिहिले, वर्गाला उतरवायला दिले, आणि स्वतः काहीच ऐकलं नाही.

"इतिहास वाचून कुणाला नोकरी लागलीय, सांगा की!" तो म्हणाला. "तुमचं ते... तुमच्या..."

"बोल. तुमच्यातलं, असंच ना? बोल की, घाबरतोस कशाला? हे बघ सुहास, माझं सोड. ती माया नावाची पोरगी सोमवारी आत बसली नाही, तर खानावळीत भांडी घासायला बसणार आहे. तू शिक्षक व्हायच्या आधीच एक पोरगी शाळेतून काढलीस. हे ऑप्शनला टाकता येतं का सांग."

त्याचा चेहरा पडला. मायाचं त्याला माहीत नव्हतं. मित्रांकडं बघितलं त्यानं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. "घेतो पाठ," एवढंच म्हणाला आणि गेला.

त्याला पटलं, असं कुणी समजू नका. मला तेव्हा वाटलं नाही, आणि पुढच्या साली नव्या बॅचनं माझा भाग पुन्हा ऑप्शनला टाकलाच. दोन हजार सालानंतर गल्लोगल्ली कॉलेजं निघाली, मग तर बाजारातल्या गाईडमधूनच तो भाग गायब झाला. काय सांगायचं! पालथ्या घड्यावर पाणी. पण मी त्या सोमवारचं सांगत होते.

शनिवारी मी मायाच्या आईला निरोप दिला, पोरीला पाठवा, आत बसवणार आहेत. सोमवारी माया आली. वेणी घट्ट घातलेली, तेल चपचपीत, दुसऱ्या बाकावर बसली. वस्तीतली बाकीची पोरंही वर्गात होती, इकडं तिकडं विखुरलेली, धिंगाणा करणारी. नेहमीसारखी पोरं. मी दारातून बघितलं आणि बरं वाटलं.

मग सुहास थर्माकोलचा पन्हाळा घेऊन आत आला. त्याच्या मागून मी गेले, शेवटच्या बाकावर बसले आणि फाईल उघडली.

वर्ग एकदम शांत झाला. आणि कुणी काही सांगितलं नाही, कुणी नजरेनंही खुणावलं नाही, तरी ती पोरं उठली. एक, दोन, चार. दप्तरं उचलली, बाकांमधून वाट काढत, धक्का लागणार नाही अशी, आणि ओळीनं व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसली.

माया तेवढी बसून होती. बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती. दारातून एका पोरानं तिला हाक मारली, "ये की माये! परीक्षा हाय त्यांची."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सुहासकडं बघितलं.

"सर," ती म्हणाली, "मी जाऊ का बसू?"

उत्तर त्यानंच द्यायचं होतं. सुहास पन्हाळा हातात धरून तसाच उभा. मला त्याची दया आली नाही, हे लिहून ठेवते.

"बस," तो म्हणाला. पन्हाळा टेबलावर ठेवला आणि तो बाहेर व्हरांड्यात गेला. मला आतून ऐकू येत होतं. चला रे आत, चला, सगळी आत चला, असं तो म्हणत होता, पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि पोरं उठायला तयार नव्हती. पोरं त्यालाच समजावत होती.

"नको सर. तुमचं मार्क जातील की."